निळ्या दिव्याखालची गोळी

डॉ. त्रिशला उपाध्येला तिच्या सबंध नोकरीतली सगळ्यात हुशार कल्पना सुचली ती लघवीवरून. हसू नका. औषधांच्या दुनियेत असल्याच गोष्टींवर माणसांची आयुष्यं ठरतात.

त्या काळात उतरणीने सगळ्यांची झोप उडवली होती. डॉक्टरांनी त्या आजाराला लांबलचक नाव दिलं होतं, लोक मात्र नुसतं ‘उतरण लागली’ म्हणायचे. तिशी-चाळिशीतली चांगली धडधाकट माणसं. आधी बारीक आवाज जायचे, कुकरची शिट्टी, फोनची घंटी. मग समोरच्याचं बोलणं कळेनासं व्हायचं. मग हातांची पकड सुटायची, आणि शेवटी श्वास. जनुकं तपासली, स्वच्छ. रक्त तपासलं, त्यात काही कमी नाही की जास्त नाही. मग बिघडलंय काय? कुणाला पत्ता नव्हता.

पुण्याच्या आरोहण संशोधन केंद्राने त्यावर एआर-नऊ नावाचं औषध काढलं. उंदरांवर ते छान चाललं. आता माणसांवर चाचणी. अशा चाचणीत निम्म्या लोकांना खरं औषध देतात आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणारी खोटी गोळी. कुणाला काय मिळतंय ते रोग्यालाही सांगत नाहीत आणि डॉक्टरलाही नाही. कारण नुसत्या आशेनेही माणसाला चार दिवस बरं वाटतं, आणि मग औषधाचा गुण कुठला आणि मनाचा कुठला हे कळत नाही.

एआर-नऊ होतं गर्द पिवळं. घेतलं की लघवी हळदीसारखी. पहिल्या चाचणीतल्या रोग्यांनी फोनवर ग्रुप काढला आणि सुरू झाले, “माझी पिवळी येतेय, तुमची कशी?” आठवड्याच्या आत ज्याला त्याला कळलं आपल्या नशिबी काय आलंय. साध्या लघवीवाले रागावून घरी बसले. चाचणी पाण्यात.

गोळ्या बनवायचं काम त्रिशलाकडे होतं. ती म्हणाली, “सोपं आहे की. खोट्या गोळीत रायबोफ्लेविन घालू.”

रायबोफ्लेविन म्हणजे आपलं बी-टू जीवनसत्त्व. दुधात असतं, दह्यात असतं, पालेभाजीत असतं. तोंड आलं की डॉक्टर बी-कॉम्प्लेक्स देतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस दचकतो ना, तो पिवळाजर्द रंग त्याचाच. फक्त एआर-नऊइतका गर्द रंग यायचा तर ते भरपूर घालावं लागणार होतं, रोजच्या गरजेच्या शेकडो पट. पण बिघडतं कुठे? जास्तीचं शरीर ओतून टाकतं. निरुपद्रवी, पिवळं, काम फत्ते. केंद्राचे प्रमुख डॉ. रणदिवे टेबलावर थाप मारून म्हणाले, “बाई, कमाल केलीत तुम्ही!”

आता दोन्ही गोळ्या शेजारी ठेवल्या तरी त्या बनवणाऱ्या त्रिशलालाही ओळखता आल्या नसत्या. एकच फरक राहिला होता. अतिनील दिव्याखाली रायबोफ्लेविन पोपटी पिवळं चमकतं, एआर-नऊ काळं राहतं. पण गोळी तोंडात टाकायच्या आधी तसल्या दिव्याखाली कोण धरतंय?

आणि मग तिच्या धाकट्या भावालाच उतरण लागली.

भरतेश मगदूम कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत ओतलेल्या मालाच्या तपासणीवर होता. लोखंडाचं कास्टिंग हातोडीने ठोकायचं आणि ऐकायचं. अखंड असेल तर टण्ण असा लांब आवाज निघतो, आत तडा असेल तर थप् करून जागीच मरतो. यंत्रं आली, कॅमेरे आले, तरी मालकाने हा हातोडीवाला ठेवला होता. आणि त्याचेच कान गेले.

त्याला कोल्हापुरातल्या एका रुग्णालयातून चाचणीत घेतलं. त्रिशलाने हे नातं केंद्राला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी त्याला घेतलंच नसतं, म्हणून ती गप्प बसली. एवढंच तर, असं तिने स्वतःला समजावलं. माणूस घसरतो तो असाच, एवढंच तर म्हणत.

दिवाळीच्या आधी ती माहेरी गेली तेव्हा भरतेश तिला ओढतच फाउंड्रीवर घेऊन गेला. सुट्टीचा दिवस होता, भट्टी बंद, शेडमध्ये चिटपाखरू नाही. त्याने डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सारला. आता हा चष्मा म्हणजे समोरच्याचं बोलणं काचेवर अक्षरांत उमटवणारा, उतरणीच्या बहुतेक रोग्यांना रुग्णालयातूनच मिळायचा. त्याच्यावाचून भरतेशचं गेलं वर्षभर पान हलत नव्हतं.

“चष्मा लाव आधी, नाहीतर मी काय बोलते ते कळायचं नाही तुला,” त्रिशला म्हणाली.

“कळतंय की,” भरतेश म्हणाला आणि हसला. “लई गंमत आहे आक्का. महिना झाला बघ, जरा जरा ऐकू येतंय. आणि या चष्म्याला आपली कोल्हापुरी कुठं येती? मी शिवी हासडली की तो ‘कृपया’ लिहितो.”

त्याने हातोडी उचलली. ओळीने मांडलेल्या पंपाच्या कास्टिंगवर तो एकेक ठोका देत गेला. टण्ण. टण्ण. टण्ण. मध्येच थांबला, मागे आला, एकाला पुन्हा ठोकलं आणि ते बाजूला काढलं. “हे बाद. आत तडा आहे.”

“कशावरून?”

“चल, दाखवतो.”

शेडच्या टोकाला काळ्या पडद्याची एक अंधारी खोली होती. तिथे कास्टिंगला एक खास तेल चोळतात, पुसतात आणि वर निळा दिवा धरतात. तड्यात शिरलेलं तेल पुसलं जात नाही, ते चमकतं. हा निळा दिवा म्हणजेच अतिनील दिवा. भरतेशने आपल्या कामाच्या पिशवीतून हातात मावणारा तसला दिवा काढून लावला आणि कास्टिंगच्या काळ्या अंगावर एक पोपटी पिवळी रेघ उजळली.

“बघ! निघाला का नाही?”

त्रिशलाला आनंदाने रडू यायला लागलं. याला खरं औषध मिळतंय! एआर-नऊ चालतंय, आणि ते नेमकं माझ्या भावाला मिळालंय! मगदुमांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हणून त्याचा डबा तिथेच होता आणि डब्यावर गोळ्यांची बाटली. तिने हसत हसत एक गोळी तळहातावर घेतली आणि दिव्याखाली धरली. नुसती खात्री करून घ्यायला, आनंद दुप्पट करायला.

गोळी चमकली.

तिने दुसरी गोळी काढली. तीही चमकली. तिसरीही. सगळा तळहात पोपटी उजेडाने भरला. बी-टू! तिने स्वतः घातलेला रंग! म्हणजे याला काहीच मिळत नाहीये. गेले दोन महिने हा वेडा नुसता रंग गिळतोय, आणि ऐकू येतंय म्हणून नाचतोय.

“काय झालं आक्का?”

“काही नाही रे.”

“खोटं वाटतंय होय तुला?” भरतेश म्हणाला. “असं कर. तू ठोक, मी पाठ फिरवून उभा राहतो. ओळखतो का नाही बघ.”

हा प्रयोग करायला एक मिनिट लागलं असतं. हातोडी तिथेच होती, कास्टिंग तिथेच होतं. पण त्रिशलाच्या डोक्यात उत्तर आधीच येऊन बसलं होतं. पंधरा वर्षं याने हाच धंदा केलाय, हातालाच धक्का कळत असणार. बाकी सगळे मनाचे खेळ.

“राहू दे भरत्या,” ती म्हणाली. “उन्हं उतरली. जेवून घे.” आणि वर मोठ्या बहिणीच्या थाटात हेही म्हणाली, “कधी कधी मन फसवतं बरं का माणसाला. फार आशा लावून बसू नकोस.”

त्याचा चेहरा उतरला. त्याने चष्मा कपाळावरून खाली डोळ्यांवर ओढला आणि मुकाट्याने डबा उघडला.

भाऊबीजेला ती परत आली. भावाला ओवाळलं, त्याने तबकात साडीची घडी ठेवली, त्याची बायको स्नेहल फराळाचं आणायला आत गेली, आणि तेवढ्यात त्रिशलाने कपाटातली बाटली उचलून तिच्या जागी दुसरी ठेवली. तश्शीच बाटली, तश्शाच गोळ्या, पण आत खरं एआर-नऊ. तिच्याच प्रयोगशाळेच्या राखीव साठ्यातलं. चोरी होती, तिला पुरतं ठाऊक होतं. एका चाचणीचा एक आकडा बिघडेल, बिघडू दे! माझा भाऊ जगेल. ती इतकी खूष होती की परतताना घाटात गाणं म्हणत होती.

पुढे दर महिन्याला रुग्णालयातून नवी बाटली आली की पाठोपाठ त्रिशला हजर. भरतेश चिडवायचा, “काय गं, दाजींनी घराबाहेर काढलं का तुला? सारखी येतीस!”

संक्रांतीपर्यंत त्याचं चिडवणं कमी झालं. ऐकू येणं परत गेलं, जेवढं आलं होतं त्याच्याहून जास्त गेलं. मग हातोडी हातातून पडायला लागली. मग जिना चढताना धाप. “तू म्हणालीस तेच खरं आक्का,” तो एकदा म्हणाला, “मन फसवत होतं.” त्रिशलाला वाटलं, आपण उशीर केला. दोन महिने आधी बदलली असती बाटली, तर! शिमगा सरता सरता भरतेशच्या नाकातोंडावर श्वासाच्या यंत्राचा मुखवटा चढला.

आणि चाचणीचा निकाल उघडायचा दिवस आला.

आरोहणच्या बैठकीच्या खोलीत डॉ. रणदिवे पुढच्या खुर्चीत बसले होते. चाचणीचा हिशेब लावणाऱ्या डॉ. वहिदा मुल्ला यांनी भिंतीवर दोन रेघा उमटवल्या. एक रेघ खाली खाली जात होती, सगळ्या उतरणीच्या रोग्यांची जाते तशी. दुसरी वर चढली होती. नुसती थांबली नव्हती, चढली होती! लोकांना ऐकू येत होतं, हातांत ताकद येत होती. खोलीत टाळ्या पडल्या. रणदिवे उभे राहिले, त्यांचे डोळे भरले होते.

“थांबा सर,” वहिदा म्हणाली. “वरची रेघ औषधाची नाही.”

“म्हणजे?”

“खालची आहे औषधाची. वरची खोट्या गोळीची.”

“डोकं फिरलंय का तुमचं? उलटे लावलेत तुम्ही गट!”

“चारदा तपासलं सर. गोळ्याही दिव्याखाली धरून बघितल्या. जे सुधारले ते सगळे रंग खाणारे आहेत.”

त्रिशलाचं डोकं, त्याची सवय काही सुटेना, ते चालूच राहिलं आणि क्षणात सगळं समोर आलं.

पेशीला घर समजा. घरात चूल पेटायची तर बी-टू लागतंच, त्याच्यावाचून अन्नाची शक्ती होत नाही. माणसाच्या शरीराला ते बनवता येत नाही, अन्नातून येतं, रक्तातून फिरतं, आणि पेशीच्या भिंतीत त्याच्यासाठी इवले दरवाजे असतात त्यांतून आत जातं. हे दरवाजेच अडकले तर? रक्तात भरपूर बी-टू आणि घरात चूल विझलेली. रक्त तपासणाऱ्याला सगळं ठीकच दिसणार. आणि पहिल्यांदा उपाशी मरणार ते सगळ्यात जास्त खाणारे, कानाचे मज्जातंतू, हातांचे, श्वासाचे. दारापाशी शेकडो पट गर्दी केली, तर अडकलेल्या दारातूनही थोडं आत घुसतं. लहान मुलांच्या एका दुर्मिळ आजारात डॉक्टरांना हे कधीचं माहीत होतं, पण त्या मुलांच्या जनुकांतच दोष असतो. उतरणीच्या रोग्यांची जनुकं स्वच्छ निघाली, म्हणून बी-टूकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. रंग म्हणून घातलं तेवढंच.

भरत्याला ऐकू येत होतं. खरंच ऐकू येत होतं.

“आणखी एक आहे,” वहिदा सांगत होती. “या गटातले सगळे सुधारलेत, एक सोडून. कोल्हापूरचा रोगी. दोन महिने झपाट्याने सुधारला आणि मग असा कोसळला की आता यंत्रावर आहे. सर, एवढं बी-टू काही महिन्यांनी उलटत असेल, तर बाकीचेही त्याच वाटेवर असतील. मला वाटतं सगळ्यांच्या गोळ्या आजच बंद कराव्यात. कारण कळेपर्यंत कुणालाच देऊ नये.”

रणदिव्यांनी जडपणे मान हलवली. “बरोबर आहे. रुग्णालयांना फोन लावा.”

शंभरावर माणसं. सहा महिन्यांत पुन्हा मुलांचा आवाज ऐकायला लागलेली. त्रिशलाने वहिदाच्या हातातला फोन धरला.

“बंद करू नका. तो गोळीने कोसळला नाही.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी बदलल्या त्याच्या गोळ्या. भाऊबीजेपासून तो एआर-नऊ खातोय.” तिला स्वतःचा आवाज परका वाटत होता. “माझा सख्खा भाऊ आहे तो. त्याला बरं वाटत होतं, मीच त्याच्या तोंडातलं औषध काढून घेतलं.”

वहिदाने तोंडावर हात ठेवला. रणदिवे खुर्चीत मटकन बसले. “सुधारला तो बी-टू होतं तोवर,” ते पुटपुटले, “आणि काढलं तसा कोसळला. अहो, याच्याहून मोठा पुरावा कुठला हवा?” मग त्यांना भान आलं. “तुमचं कार्ड ठेवा टेबलावर, बाई. चौकशी होईल. आता जा इथून.”

तिने जिन्यातूनच आधी रुग्णालयाच्या डॉक्टरांना फोन केला, मग स्नेहलला. सगळं ऐकून घेतल्यावर स्नेहलने एकच विचारलं, “ही गोळी कुठं मिळती ताई?” त्रिशला म्हणाली, “कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये. कुठंही मिळते गं.” स्नेहल म्हणाली, “त्यांना मी सांगणार नाही. तुम्ही या आणि सांगा.” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोचली तेव्हा भरतेश तक्क्याला टेकून बसला होता. मुखवट्याचं यंत्र फुसफुसत होतं. चष्मा उशाशी काढून ठेवला होता. स्नेहल दारात उभी राहिली, ‘बसा’सुद्धा म्हणाली नाही. त्रिशलाने येताना घेतलेली गोळ्यांची पट्टी पर्समधून काढली, डॉक्टरांनी सांगितलेला तेवढा डोस मोजून ठेवला, आणि खिडकीकडे बघत सगळं बोलून टाकलं. पहिल्या गोळीपासून शेवटच्या बाटलीपर्यंत. त्याला एक अक्षर ऐकू जाणार नव्हतं, आणि म्हणूनच ती बोलू शकली. भ्यालेली बाई, दुसरं काय!

भरतेश तिच्या ओठांकडे बघत होता. तिचं संपल्यावर त्याने मुखवटा बाजूला केला.

“चष्मा लाव मला,” तो म्हणाला. शब्द जड येत होते. “आणि परत बोल.”

तिने चष्मा त्याच्या कानांवर चढवला. दोनदा निसटला. मग त्याच्या समोर बसून, त्याच्या डोळ्यांत बघत, ती सगळं पुन्हा बोलली. काचेवर बारीक अक्षरं सरकत गेली. तो वाचत गेला. स्नेहल पदराने डोळे पुसत होती.

“म्हणजे मला ऐकू येत होतं,” भरतेश म्हणाला.

“हो.”

“ते तड्याचं. खरंच आलं होतं ऐकू.”

“हो रे.”

“मला वाटलं मला वेड लागलंय.” त्याने कसंबसं एक बोट वर केलं. “तू ठोक म्हणालो होतो मी. एक ठोका, आक्का. एक!”

यंत्र मोकळ्या हवेत फुसफुसत राहिलं. ती म्हणाली, “डॉक्टर म्हणालेत श्वास सुधारेल. हातही थोडे येतील. कानांचं सांगता येत नाही.” तिने गोळी त्याच्या ओठांपाशी नेली. “घे भरत्या. ही खरी आहे.”

त्याने तोंड उघडलं नाही. गोळी तिच्या बोटांतून काढून घेतली. काढायलाही त्याला कष्ट पडले.

“स्नेहल,” तो म्हणाला, “माझ्या पिशवीतला निळा दिवा आण. आणि खिडकी लाव.”

त्रिशला पटकन उठली. “मी आणते.”

“तू बस.”

स्नेहलने खिडकी लावली, पडदा ओढला. पिशवीतून दिवा काढून तिने तो नवऱ्याच्या हातावर धरला. अंधारलेल्या खोलीत भरतेशच्या तळहातावर गोळी पोपटी पिवळी चमकली. कास्टिंग बघायचा तशी त्याने ती आधी एका बाजूने बघितली, मग बोटाने उलटी करून दुसऱ्या बाजूने. मग बहिणीकडे न बघता ती तोंडात टाकली आणि बायकोच्या हातचं पाणी प्याला.

संध्याकाळच्या गोळीलाही त्याने दिवा मागितला.